लाइट गेल्यावरही मदरबोर्डचा दिवा विझत नाही: यूएसबी हबमधून उलटा प्रवाह येतो का?

प्रश्न (गंगापूररोडकर):
आमच्या घरी, नाशिकला गंगापूर रोडवर, इन्व्हर्टरची लाइन पंखे, राउटर आणि टेबलाजवळच्या एका सॉकेटपुरतीच ओढलेली आहे. संगणक मात्र थेट मुख्य लाइनवर आहे, कारण त्याचा भार आमच्या बॅटरीला झेपत नाही. दोन महिन्यांपूर्वी स्वतंत्र अडॅप्टर असलेला सात पोर्टांचा हब घेतला आणि त्याचा अडॅप्टर सोयीपोटी इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावला. गेल्या शनिवारी लाइट गेली, संगणक बंद पडला, पण मदरबोर्डवरचा हिरवा दिवा दोन तासांनंतरही जळतच होता. लाइट आल्यावर बटण दाबले तर पडदा काळाच राहिला. हबची वायर काढून पुन्हा बटण दाबल्यावर संगणक निमूटपणे सुरू झाला. दुकानदार म्हणतात की एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) बदला. तो खरोखरच बिघडला आहे, की दोष हबचा आहे?

उत्तर (सिडकोकर):
संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो, म्हणून दिवा जळणे ही नेहमीची गोष्ट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ईआरपी नावाची, बंद असतानाचा वीजवापर कमी करणारी सोय असल्यास ती सुरू करून पाहा.

उत्तर (अंबड एमआयडीसी):
वरील खुलासा मुख्य लाइन चालू असेपर्यंत बरोबर आहे, पण येथे लाइटच गेलेली होती. एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज काही सेकंद, फार तर एखादे मिनिट पुरते, दोन तास नव्हे. त्या वेळी तुमच्या घरात संगणकाशी वायरीने जोडलेली आणि वीज असलेली वस्तू म्हणजे इन्व्हर्टरवरचा हब, त्यामुळे माझा संशय त्याच्यावरच आहे.

यूएसबी 2.0 च्या एप्रिल 2000 मधील मानकानुसार कोणत्याही उपकरणाने संगणकाकडे जाणाऱ्या आपल्या पोर्टातून प्रवाह बाहेर सोडायचा नसतो. त्या तारेतून त्याने प्रवाह फक्त घ्यायचा असतो. (टाइप-सी हबवरून लॅपटॉप चार्ज होतो ती बाब निराळी, कारण तेथे दोन्ही उपकरणे आधी आपसांत व्यवहार ठरवतात.) चांगल्या हबमध्ये अडॅप्टरचे पाच व्होल्ट आणि संगणकाकडून आलेले पाच व्होल्ट यांच्यामध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा मॉसफेटचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्ट खातो आणि शॉट्की प्रकारचा डायोड 0.3 ते 0.4. एवढी घट टाळण्यासाठी, आणि अर्थातच दोन पैसे वाचवण्यासाठी, स्वस्त हबवाले दोन्ही तारा सरळ एकत्र जोडून टाकतात. मग संगणक बंद असला की अडॅप्टरची वीज त्याच्या पोर्टातून आत शिरते आणि स्टँडबायच्या तारेवर अर्धवट व्होल्टेज तरंगत राहते. मदरबोर्डवरील चिप नीट शून्यावर येत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी त्यांचे रीसेट होत नाही आणि काळा पडदा दिसतो.

खात्री करणे सोपे आहे. हबची वायर संगणकातून काढा, अडॅप्टर चालू ठेवा आणि मोकळ्या प्लगच्या दोन टोकांच्या, लांब पट्ट्यांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. मधल्या दोन पट्ट्या डेटाच्या असतात, त्यांना हात लावू नका. केवळ गळतीमुळेही मीटर काहीतरी आकडा दाखवतो, म्हणून त्या दोन पट्ट्यांमध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर धरून पुन्हा पाहा. त्यातून पाच व्होल्टला फक्त पाच मिलिअँपिअर वाहतात. तेवढ्यानेही आकडा ढासळला तर गळती, टिकला तर उलटा प्रवाह.

गंगापूररोडकर:
मोजले. मोकळ्या प्लगवर 5.08 व्होल्ट आणि रेझिस्टर धरल्यावर 5.06. म्हणजे एसएमपीएसचे पैसे वाचले, असे दिसते. हब परत करण्याची मुदत मात्र संपलेली आहे. पट्टीवर चिकटपट्टी लावून काम भागेल का?

उत्तर (अंबड एमआयडीसी):
बहुधा भागेल. पाच व्होल्टच्या पट्टीवर कॅप्टॉन टेपचा (पातळ, वीजरोधक टेपचा) अरुंद तुकडा लावा; साधी चिकटपट्टी दोन-चार वेळा प्लग काढघाल केल्यावर गोळा होऊन पोर्टात अडकते. कोणती पट्टी पाच व्होल्टची हे मीटरची लाल तार जेथे धरल्यावर आकडा उणे चिन्हाशिवाय येतो त्यावरून ठरवा, आणि जमिनीची (ग्राउंडची, म्हणजे दुसऱ्या टोकाची) पट्टी चुकूनही झाकू नका. काही हब संगणक जोडलेला आहे की नाही हे त्याच पाच व्होल्टवरून ओळखतात आणि टेप लावल्यावर गप्प बसतात, पण तुमच्या हबमध्ये दोन्ही तारा एकच असल्याने त्याला ते व्होल्टेज अडॅप्टरकडून मिळतच राहील.

उत्तर (पंचवटीचा पायवाला):
रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक वापरणाऱ्यांना हा प्रकार जुना आहे. कित्येकजण मुद्दाम अशा हबमधून पाय चालवत, आणि त्यात बोर्डाच्या मुख्य इनपुटचा पॉलिफ्यूज (जादा प्रवाह आपोआप रोखणारा फ्यूज) वगळला जातो हे त्यांच्या गावीही नसे. तुमच्याकडे संगणक चालू असतानाही दोन पुरवठे समांतर जोडलेले आहेत. ज्याचे व्होल्टेज जास्त, तो दुसऱ्याकडे प्रवाह ढकलतो. म्हणून टेप लावेपर्यंत हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरवरून काढून संगणकाच्याच एक्स्टेन्शन बोर्डात लावा आणि संगणक बंद केल्यावर बोर्डाचे बटणही बंद करा.

गंगापूररोडकर:
टेप लावला. हबवरचा प्रिंटर आणि हार्ड डिस्क दोन्ही पूर्वीप्रमाणे ओळखले जात आहेत. अडॅप्टर मुद्दाम इन्व्हर्टरवर ठेवून मुख्य लाइनचा प्लग काढून पाहिला, तर मदरबोर्डचा दिवा दहा-बारा सेकंदांत विझला.