गावच्या घरी इंटरनेट: फायबर, एअरफायबर की फोनचा हॉटस्पॉट? वर्षाचा हिशेब कसा धरावा?

प्रश्न: गुहागरचा माणूस, सध्या पुणे

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी गुहागर तालुक्यातील आमच्या घरी कायमचा राहायला जात आहे. माझे काम हिशेब तपासणीचे असून ते घरून करण्याची परवानगी मिळाली आहे. रोज दोन-अडीच तास व्हिडिओ बैठका असतात आणि संध्याकाळी आई-बाबांचा टीव्ही चालू असतो. घर डोंगराच्या पायथ्याशी माडांच्या बागेत आहे. रस्त्यावरचा शेवटचा खांब पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून गेल्यावर अंदाजे दोनशे मीटरवर लागतो.

तीन पर्याय समोर आहेत: बीएसएनएलच्या फायबरची (घरापर्यंत येणाऱ्या काचेच्या तारेची) ४९९ रुपयांची योजना, जिओ एअरफायबरची (तारेऐवजी टॉवरचे फाइव्ह-जी सिग्नल अँटेनाने घेणाऱ्या जोडणीची) ५९९ रुपयांची योजना, किंवा फोनवर रोज २ जीबी देणारे ३४९ रुपयांचे रिचार्ज मारून हॉटस्पॉट वापरणे. आकडे पाहता तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त वाटतो. तो खरोखर तसा आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: देवगडची रहिवासी

आपण लिहिलेले तीन आकडे एका मापाचे नाहीत, म्हणून आधी ते सारखे करून घ्यावेत. फायबर आणि एअरफायबरच्या जाहीर दरांवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. म्हणजे ४९९ चे सुमारे ५८९ रुपये होतात आणि ५९९ चे ७०७. वर्षाला अनुक्रमे सुमारे ७,०६६ आणि ८,४८२ रुपये. फोनच्या रिचार्जमध्ये कर धरलेला असतो, परंतु त्याची मुदत २८ दिवसांची असल्यामुळे वर्षात ते बारा नव्हे, तेरा वेळा करावे लागते. तेरा वेळचे ४,५३७ रुपये झाले.

मात्र हे रिचार्ज आपल्या कामाला पुरणार नाही. एका तासाच्या व्हिडिओ बैठकीला साधारण १ जीबी डेटा जातो, त्यामुळे दिवसाचा २ जीबीचा वाटा बैठकांतच संपेल, आणि तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात साधी हजेरीपत्रकाची फाइलसुद्धा वर चढत नाही. या रिचार्जवर फाइव्ह-जी अमर्याद मिळते हे खरे. पण वाडीत फोर-जीच येत असेल तर त्या सवलतीचा काही उपयोग नाही.

एअरफायबरला महिन्याला १,००० जीबीची मर्यादा आहे. टीव्ही रोज चार तास चांगल्या चित्रासह पाहिला तरी तासाला ३ जीबी धरून महिन्याचे ३६० जीबी होतात, बैठकांचे साठ-सत्तर. तेव्हा मर्यादेची काळजी करू नये. जोडणीचे १,००० रुपये वर्षाचे पैसे एकदम भरल्यास माफ होतात, पण एक पावसाळा पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: मालवणहून

माझ्याकडे दोन वर्षे एअरफायबर आहे. तार नको, खड्डा नको, दोन तासांत जोडणी झाली. सुरुवातीला अँटेना पडवीच्या कौलांवर लावला होता, तेव्हा समोरच्या फणसाच्या आडोशामुळे पाऊस लागला की चित्र थांबत असे. पुढे विहिरीजवळ लोखंडी नळ उभा करून त्यावर बसवला आणि फरक पडला. आपले घर डोंगरालगत आणि माडांच्या आत आहे, म्हणून पैसे भरण्यापूर्वी फाइव्ह-जी फोन घेऊन घराच्या चारही कोपऱ्यांतून, सकाळी आणि रात्री, वेग मोजून पाहावा.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, हात-दीड हात जाडीच्या आहेत. माजघरात राउटर ठेवला तर पडवीत वायफाय पोहोचत नाही. मला दुसरा राउटर आणि मधली केबल घ्यावी लागली. हा खर्च कोणत्याही जोडणीला येतोच.

उत्तर: दापोली, जोडणीच्या कामातला

दर पाहण्याआधी पावसाळ्यातले दिवस मोजा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्याकडे खांब आणि झाडे एकत्रच पडली, आणि त्यावरून गेलेल्या तारा त्यांच्याबरोबर तुटल्या. एरवीही आषाढात एक फांदी पुरते. गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या घरची जोडणी नऊ दिवस बंद होती, कारण तुटलेल्या फायबरला सांधा मारणारे यंत्र तालुक्यात एकाच माणसाकडे होते.

म्हणून दोनशे मीटरची तार माडांवरून ताणू नका. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने काळ्या पाइपातून न्या. एकदाचा खर्च होईल, पण दर पावसाळ्यात माणूस बोलवावा लागणार नाही. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जुन्या तांब्याच्या तारेतून मोडेम जळत, तसे तारेकडून सहसा होत नाही; अडॅप्टर मात्र गडगडाटात काढून ठेवावा. आणि वीज गेली की घरातले यंत्र बंद पडते. पूर्वीच्या तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधूनच वीज मिळे, फायबरला ती मिळत नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या.

फोनचे रिचार्ज आपण बोलण्यासाठी करणारच आहात. ते दुसऱ्या कंपनीचे ठेवा, म्हणजे तार तुटली तर तेवढ्या दिवसांच्या बैठका त्यावर निभावतील आणि वेगळा खर्चही होणार नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. हॉटस्पॉटचा विचार मी सोडला आहे. फायबर घेतो, सुरुवातीला महिन्याच्या हिशेबाने. काल बाबांनी दोरी घेऊन गडगा मोजला. पाखाडीच्या वळणासकट तो २३० मीटर भरला. तेवढा पाइप आणि यूपीएस मेच्या पहिल्या आठवड्यात घेतो. केबलवाल्याला मी एकच प्रश्न विचारला आहे, की जुलैमध्ये तार तुटल्यास सांधा मारायला कोण येईल आणि किती दिवसांत, आणि त्याचे उत्तर त्याने लिहून द्यावे असे सांगितले आहे.