खाणीजवळचा पायझोमीटर ११ मीटर खाली, शेजारची विहीर जागच्या जागी: कुठला आकडा खरा?

संत्रापट्टा
सावनेरच्या बाजूची भूमिगत कोळसा खाण. वर काळा पाषाण, खाली कामठी वालुकाश्म, मग मोटूरचे चिकणमातीचे थर आणि तळाशी बराकरमधला कोळसा. एका पॅनेलमध्ये (खाणीच्या एका भागात) डेपिलरिंग, म्हणजे छत पेलणारे कोळशाचे खांब काढणं, चालू आहे. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी अशा चार फेऱ्यांत २२ विहिरी आणि ३ पायझोमीटर (ठराविक थरातल्या पाण्याची पातळी बघायची बोअर) मोजतो. खाणीलगतचा १४० मीटरचा पायझोमीटर दोन वर्षांत ११ मीटर उतरला, पण शेजारची १२ मीटरची विहीर जराही हललेली नाही. उलट दीड किलोमीटरवरची एक विहीर दर जानेवारीत ३ मीटर खाली सापडते. गाव म्हणतं, खाणीनं पाणी ओढलं. अहवालाचा मसुदा म्हणतो, परिणाम शून्य. मला दोन्ही पटत नाही. शिवाय पायझोमीटरमधल्या लॉगरचा (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) आलेख रोज दोनदा वरखाली होतो, तो बिघडलाय का?

जलधर_७
आधी त्या १४० मीटरच्या बोअरची बांधणी शोधून काढा. जाळीचा पाइप किती ते किती मीटर, वर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आहे का, त्यावर तोंडापर्यंत ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) आहे का? पुष्कळ ठिकाणी 'पायझोमीटर' म्हणजे वर थोडं केसिंग घालून खाली उघडं सोडलेलं बोअर असतं. त्यात पाषाणाचं पाणी कामठीत उतरतं, कामठीचं बराकरमध्ये. मग टेपवर दिसते ती कुठल्याच थराची पातळी नसते, सगळ्यांची खिचडी असते. शिवाय तेच बोअर पाणी खाली नेणारी नळी होऊन बसतं.

बांधणी ठीक निघाली, तर दोन्ही आकडे खरे असू शकतात. खोल थर बंदिस्त आहे, म्हणजे वरच्या चिकणमातीखाली पाणी दाबात आहे. त्यात थोडा उपसा झाला तरी दाब कितीतरी मीटर पडतो. विहीर मुरमातल्या मुक्त पाण्यावर आहे. मधली मोटूरची माती शाबूत असेल, तर खालची हालचाल तिला लवकर कळत नाही. तेव्हा मसुद्यातलं 'परिणाम शून्य' काढा. खोल थराचा दाब उतरलाय, उथळ थरात अजून दिसलेलं नाही, एवढंच लिहा.

नवीन करायचे तर एका जागी तीन वेगळी बोअर घ्या: पाषाणात, कामठीत आणि कोळशाच्या छताच्या वर. १६५ मिमीचं छिद्र, १०० मिमीचा पाइप, तळाला ३ ते ६ मीटर जाळी, भोवती २-४ मिमीची गारगोटीची खडी जाळीच्या मीटरभर वरपर्यंत, त्यावर २ मीटर बेंटोनाइटच्या गोळ्या. त्या फुगायला काही तास द्या. ग्राउट बारीक नळीनं खालून वर भरायचं. वरून ओतलं की मध्येच अडकतं, खाली पोकळी राहते आणि सील फक्त कागदावर उरतं.

मीटरटेप
लॉगर बिघडलेला नाही. हवेचा दाब आपल्याकडे रोज साधारण सकाळी १० आणि रात्री १०च्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी ४च्या सुमारास उतरतो. फरक ३-४ हेक्टोपास्कलचा. १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंटीमीटर पाणी. हवानळी नसलेला लॉगर पाणी अधिक हवा असा एकत्र दाब मोजतो, म्हणून जमिनीवर दुसरा बॅरो-लॉगर (फक्त हवेचा दाब नोंदवणारा) ठेवून वजाबाकी करावीच लागते. वजाबाकीनंतरही लहानशी लाट उरली तर खूश व्हा, जलधर (पाणी धरणारा थर) बंदिस्त असल्याची ती खूण आहे.

दर फेरीला टेपनं पातळी घेऊन लॉगरशी ताडून बघा. केसिंगच्या काठावर रंगाची एकच खूण ठेवा आणि तिथूनच मोजा. कोणी टोपणाच्या वरून मोजलं, कोणी जमिनीपासून, की अर्ध्या मीटरचा 'परिणाम' आयता तयार होतो. लॉगरची क्षमताही बघा. पातळी आणखी घसरून तो उघडा पडला तर आलेख सपाट होईल आणि घसरण थांबली असं वाटेल.

बहार
जानेवारीतले ३ मीटर मला संत्र्याचे वाटतात. आंबिया बहार धरायला बागेचं पाणी बंद ठेवतात, तो ताण डिसेंबरात असतो, तो तोडून पाणी सुरू होतं ते जानेवारीतच. तुमची फेरी नेमकी त्या पाण्यावर पडते. त्या विहिरीवर मोटर किती एचपीची, किती तास चालते आणि थ्री फेज लाइन त्या आठवड्यात दिवसा होती की रात्री, हे नोंदवा. किमान १२ तास मोटर बंद असताना मोजा. जमत नसेल तर 'उपसा चालू' असा शेरा तरी हवाच. आणि खाणीच्या प्रभावाबाहेरच्या, तसाच खडक आणि तशाच बागा असलेल्या दोन-तीन विहिरी तुलनेला ठेवा. त्याही तितक्याच उतरल्या तर खाणीवर बोट ठेवता येणार नाही.

संत्रापट्टा
तुलनेची एकही विहीर यादीत नाही, हे आत्ता लक्षात आलं. खाणीतून उपसलेल्या पाण्याचा आकडा पंपाच्या पाटीवरच्या क्षमतेला तासांनी गुणून येतो. चालेल का?

गोफ
नाही. झिजलेला इम्पेलर (पंपाचं फिरतं चाक) आणि वाढलेला उठाव (पाणी चढवायची उंची) यामुळे पंप पाटीइतकं पाणी कधीच देत नाही. बाहेरच्या नालीवर ९० अंशांची व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेला पत्रा) बसवा. पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचवा घात करा आणि १.३८ नं गुणा, घनमीटर प्रति सेकंद मिळतील. १५ सेंटीमीटरला साधारण १२ लिटर प्रति सेकंद येतात, १६ ला १४. एका सेंटीमीटरच्या चुकीनं १७ टक्के फरक! म्हणून पट्टी नॉचवर चिकटवू नका, तिथं पाणी वाकून खाली येतं. ती उंचीच्या चौपट अंतर मागे लावा. शून्य नॉचच्या टोकाशी जुळवा आणि मागचा गाळ काढत राहा. धूळ दाबायला आणि ड्रिलिंगला वरून खाली नेलेलं पाणी वजा करा, नाहीतर तेही भूजल म्हणून मोजलं जातं.

हा उपसा, पाऊस आणि तिन्ही थरांची पातळी एकाच आलेखावर काढा, खाली डेपिलरिंगच्या तारखा. छत कोसळून गोफ (कोळसा काढलेली, ढिगाऱ्यानं भरलेली जागा) तयार झाला की त्यावरचा खडक तडकतो. तडे मोटूर ओलांडून वर गेले तर कामठीची पातळी झपकन पडते आणि त्याच सुमारास खाणीतल्या संपमध्ये (पाणी साठवायच्या खड्ड्यात) येणारं पाणी वाढतं. तीन महिन्यांच्या फेरीत हे निसटतं. चालू पॅनेलवर लॉगर तासाला ठेवा आणि हाताची फेरी आठवड्याला.

पॅनेलवरचा पायझोमीटर खचण्यात कातरलाही जातो. टेप एका खोलीवर अडायला लागली, किंवा खोल बोअरची पातळी एकदम उथळ बोअरइतकी झाली, तर आनंद मानू नका, पाइप तुटलाय. त्या तारखेनंतरचे आकडे वेगळ्या रकान्यात टाका.

मीटरटेप
मे महिन्यात नमुने घेताना एक जोड: १०० मिमीच्या पाइपात मीटरमागे ७.८५ लिटर पाणी मावतं. ६० मीटर पाणी असेल तर ४७१ लिटर, म्हणजे नमुन्याआधी तिप्पट, सुमारे १४०० लिटर उपसा. पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच घ्या. लोहाचा नमुना ०.४५ मायक्रॉनमधून गाळून लगेच नायट्रिक आम्ल टाका, नाहीतर लोह बाटलीच्या तळाला बसतं आणि प्रयोगशाळेचा आकडा कमी येतो. सल्फेटची बाटली वेगळी, त्यात आम्ल नको.