जुना लेझर प्रिंटर काढून इंक टँक घ्यावा का? माझं मत: नाही

शिकवणीवाली_लोकमान्यनगर
इंदूरला घरीच शिकवणी घेते, नववी-दहावीची मुलं, सरावाची रोज चाळीस-पन्नास पानं निघतात. प्रिंटर एचपीचा लेझरजेट १०२०, २००८ मध्ये घेतलेला. महिनाभरापासून दोन-दोन कागद एकदम ओढतो आणि उजव्या कडेला उभी काळी रेघ येते, परवा भूमितीच्या पेपरात एका मुलीने ती रेघ आकृतीचीच समजून तिला नाव दिलं. घरचे सगळे मागे लागलेत, काढा आता हा, इंक टँक आणा, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर. मला हे पटत नाही. प्रिंटर घेताना आधी कार्ट्रिज बघावं, मग मशीन. ह्याचं १२ए कार्ट्रिज, म्हणजे टोनरचा, छपाईच्या पावडरचा डबा, आजही जेल रोडवर मागितलं की मिळतं, रिफिल होतं, कॅनन एलबीपी २९०० चं ३०३ सुद्धा ह्यात बसतं. जे चालतंय ते फेकायचं कशाला?

पलासियाकर
ताई, चालतंय कुठे, तुम्हीच सांगताय की रेघ येते. १०२० ला स्कॅनर नाही, वायफाय नाही, मुलांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं काढायचं तर आधी कॉम्प्युटर लावा. आणि हिशेब बघा ना, १२ए वर कंपनी २००० पानं सांगते, ती पण पानाचा फक्त ५ टक्के भाग छापला तर. एप्सनची ००३ काळी बाटली ६५ मिलीची, त्यावर ४५०० पानं सांगतात. वर जीवशास्त्राच्या आकृत्या रंगीत निघतील, हृदयातलं शुद्ध-अशुद्ध रक्त काळ्या रंगात काय समजणार मुलांना?

हिशेबनीस
पलासियाकर, बाटलीवरचा आकडा खरा आहे पण तो रोज छापणाऱ्याचा. माझ्याकडे इंक टँक होता, मे महिन्यात आम्ही सगळे पुण्याला गेलो, महिन्याने येऊन बघतो तर निळा रंग गायब, पिवळ्याच्या मधेमधे पांढऱ्या रेघा. उन्हाळ्यात बंद घर काय तापतं माहितेय ना, शाई हेडमध्येच, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागातच, वाळली. चार वेळा हेड क्लीनिंग केलं, ती सगळी शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये, वाया शाई शोषणाऱ्या गादीत, जाते, छपाई शून्य आणि बाटली अर्धी. छोट्या कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये हेड बहुतेक कार्ट्रिजलाच असतं, बदललं की नवं हेड मिळतं, एप्सनसारख्या टँकवाल्यात ते मशीनमध्येच बसवलेलं असतं, बिघडलं की मोठा खर्च. टोनर कोरडी पावडर आहे, सहा महिने पडू द्या, काही होत नाही. शिकवणी पण मे मध्ये बंदच असते ना ताई?

पलासियाकर
आठवड्याला एक रंगीत पान काढलं असतं तर नसतं वाळलं. शेजाऱ्याला किल्ली देऊन जाता, झाडांना पाणी घालायला सांगता, तसंच हे.

टोनरवाला
पंधरा वर्षं हेच काम करून राहिलोय म्हणून सांगतो, ताई, मशीन खराब नाहीये तुमची. दोन कागद येतात ते सेपरेशन पॅड घासलाय म्हणून, छोटासा रबराचा तुकडा असतो. उभी रेघ कार्ट्रिजची, ड्रमवर, म्हणजे पावडर कागदावर उतरवणाऱ्या नळकांड्यावर, चरा पडलाय नाहीतर ड्रम पुसणारी वायपर ब्लेड गेलीय. १२ए च्या दोन्ही बाजूच्या पिना काढल्या की दोन भाग सुटे होतात, एकात पावडर, दुसऱ्यात ड्रम आणि त्यामागे वाया गेलेल्या पावडरचा कप्पा. पुष्कळ जण वरून पावडर भरून देतात, हा कप्पा रिकामाच करत नाहीत, मग ती ओसंडून कागदावर सांडते आणि लोक म्हणतात रिफिल वाईट. समोर उघडून घ्या, कप्पा झटकून घ्या, ड्रम बदलून घ्या. आणि मुख्य म्हणजे १२ए ला चिपच नाही. बऱ्याच नवीन मशीनच्या कार्ट्रिजला चिप असते, त्यावरून प्रिंटर कार्ट्रिज ओळखतो, २०१६ च्या सप्टेंबरात एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरची कार्ट्रिजं एकदम नाकारली होती, फर्मवेअरमुळे, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळे, जगभर बोंब झाली. तुमच्या १०२० ला असं कोणी अडवू शकत नाही.

दोन्हीबाजूंनी
लेझरच ठेवा पण नवा घ्या. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डी मध्ये टोनर वेगळा, ड्रम वेगळा, टोनर २६०० पानं आणि ड्रम १२००० पानं असं कंपनी सांगते, म्हणजे पावडर संपली की ड्रम फेकावा लागत नाही. शिवाय कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापतो. रोज पन्नास पानं काढणाऱ्याचा अर्धा कागद वाचेल, ह्याचा विचार कोणीच केला नाही इथे.

शिकवणीवाली_लोकमान्यनगर
काल पॅड आणि ड्रम दोन्ही बदलून आणलं, समोर बसून. त्याने वायाचा कप्पा कागदावर उपडा केला तर मूठभर काळी पावडर निघाली, इतकी वर्षं मला कोणी दाखवलीच नव्हती. रेघ गेली, कागद एकेक येतोय. दोन्ही बाजूंचा मुद्दा मात्र पटला, सध्या मी गठ्ठा उलटा करून परत घालते. रंगीत आकृत्या वर्षाला आठ-दहा लागतात, त्या दुकानातून काढीन.

पलासियाकर
आठ-दहा नाही ताई, माझी मुलगी दहावीत आहे, तिच्या एका प्रकल्पालाच बावीस रंगीत पानं लागली. मी टँकवरच आहे. पण जुना काढालच कधी तर कचरा गाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या खान्यात द्या, आणि टोनर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, नाहीतर गाडीवाल्या मुलाच्या नाकातोंडात जाते ती पावडर.