तीन टप्प्यांचा टेलिस्कोपिक बूम आत घेताना थरथरतो: दोष सिलिंडरचा, रोपचा की व्हॉल्व्हचा?

वाळूजकर

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात आम्ही ट्रकवर बसवायचा तीन टप्प्यांचा बूम (एकात एक सरकणाऱ्या भागांचा क्रेनचा हात) तयार करीत आहोत. विजेचे खांब उभे करणे आणि शेडच्या लोखंडी कैच्या चढवणे ही त्याची मुख्य कामे. प्रत्येक टप्पा ५ मीटर लांब असून पूर्ण बाहेर आल्यावरही त्याचा १ मीटर भाग मागच्या टप्प्यात राहतो. मधला टप्पा १०० मिमी बोअर (आतला व्यास) आणि ७० मिमी रॉडचा हायड्रोलिक सिलिंडर ढकलतो, तर टोकाचा टप्पा वायर रोप व पुलींमुळे त्याच्याबरोबर तेवढाच सरकतो. पंप मिनिटाला ६० लिटरचा, रिलीफ व्हॉल्व्ह (कमाल दाब मर्यादित ठेवणारा) २०० बारवर, टप्पे ज्यांवर सरकतात ते पॅड नायलॉनचे.

टोकाला १ टन भार लावून ४० अंशांवर चाचणी घेतली. बाहेर काढताना काहीही त्रास नाही. आत घेताना मात्र साधारण अर्धा मीटर आल्यावर ‘खट्’ असा आवाज होतो आणि मीटरभर आल्यावर बूम थरथरू लागतो. ७० अंशांवर तो आवाज येत नाही, पण थरथर पहिल्यापासूनच असते. रोप काढून टोकाच्या टप्प्यालाही स्वतंत्र सिलिंडर द्यावा, असे आमच्याकडे काहींचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नांदेड_यंत्र

आपण जागा नेमक्या सांगितल्यामुळे गणित मांडता येते. बूमचे स्वतःचे वजन तूर्त बाजूला ठेवू आणि पॅडचा घर्षणांक ०.१५ धरू.

बूम आडवा असेल तर १ टन भारामुळे टोकाच्या टप्प्याच्या पुढच्या पॅडवर ५ टन आणि मागच्या पॅडवर ४ टन दाब येतो; म्हणजे केवळ घर्षणच १.३५ टन, उचललेल्या भारापेक्षाही अधिक. ४० अंशांवर हे घर्षण सुमारे १.०३ टन होते, तर भाराची बूमच्या दिशेने असलेली ओढ ०.६४ टन असते. त्यामुळे पूर्ण बाहेर आलेला टप्पा आपणहून घसरत नाही, त्याला आत ओढणाऱ्या रोपनेच ओढावे लागते. टप्पा जसजसा आत येतो तसतसे पॅडमधील अंतर वाढते, त्यांच्यावरील दाब उतरतो आणि अर्ध्या मीटरनंतर घर्षण ओढीपेक्षा कमी होते. त्या क्षणी भार आत ओढणाऱ्या रोपवरून बाहेर ढकलणाऱ्या रोपवर जातो. आपला ‘खट्’ तिथला आहे. हा बाहेर ढकलणारा रोप ढिला असावा.

सिलिंडरची पाळी थोडी उशिरा येते. रोपमुळे भाराचा परिणाम सिलिंडरवर दुप्पट होतो, पण घर्षण दुप्पट होत नाही. टोकाच्या आणि मधल्या टप्प्याच्या पॅडचे घर्षण फक्त एकदाच मोजायचे. ही बेरीज ४० अंशांवर सुमारे १ मीटर आत आल्यावर भाराच्या दुप्पट झालेल्या ओढीइतकी होते. तोवर सिलिंडर ओढत असतो, त्यानंतर भारच त्याला आत ढकलू लागतो. पूर्ण बाहेर असताना ही सीमा सुमारे ६३ अंशांवर येते, म्हणून ७० अंशांवर भार सुरुवातीपासूनच ढकलतो. बाहेर काढताना सर्वाधिक जोर आडव्या किंवा उभ्या बूमला नव्हे, तर सुमारे २७ अंशांवर लागतो आणि तोही ४.४ टनच आहे. आपला सिलिंडर २०० बारला १६ टन देतो, तेव्हा ताकद कमी पडते असे मला वाटत नाही.

हायड्रोलिक_जालना

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. भार ढकलू लागला की पंपाच्या बाजूचा दाब कोसळतो, काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भाराने सिलिंडर सुसाट आत येऊ नये म्हणून परतीचे तेल अडवणारा) मिटतो, दाब पुन्हा चढतो आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. थरथर ती हीच. व्हॉल्व्हचे पायलट गुणोत्तर (पंपाच्या बाजूचा दाब तो उघडायला किती पट मदत करतो ते) किती आहे आणि टाकीकडे जाणारा होज (लवचीक नळी) किती व्यासाचा आहे, हे कळवावे. आत घेताना रॉडच्या बाजूला मिनिटाला ६० लिटर तेल गेले, तर बोअरच्या बाजूने सुमारे ११८ लिटर बाहेर पडते. पुष्कळ जण होज आणि फिल्टर पंपाच्या आकड्यावरून निवडतात, आणि मग मे महिन्यात जालन्याच्या उन्हात तेल तापले की नवीच दुखणी सुरू होतात.

वाळूजकर

गुणोत्तर ८:१ आहे. होज पाऊण इंची आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बसवलेला असून २५० बारवर लावला आहे.

हायड्रोलिक_जालना

मग निदान बरेचसे झाले. पाऊण इंची होजमध्ये परतीच्या तेलाचा वेग सेकंदाला ७ मीटरच्या आसपास जातो. तो २ ते ३ मीटर असावा, म्हणून ३२ मिमी होज घ्या. व्हॉल्व्ह व्हेंटेड प्रकारचा (परतीच्या दाबाचा सेटिंगवर परिणाम न होणारा) नसेल, तर परतीच्या वाटेवरचा दाब त्याच्या सेटिंगमध्ये मिळतो. शिवाय १ टन भाराने बूम उभा असतानाही सिलिंडरमध्ये सुमारे २५ बारच दाब येतो. बूमचे वजन धरून जो कमाल दाब निघेल त्याच्या १.३ पट सेटिंग पुरते. गुणोत्तर ३:१ च्या जवळ आणा, पायलट वाटेत छोटे ओरिफिस (तेलाचा प्रवाह रोखणारे बारीक छिद्र) बसवा. तेल थोडे अधिक तापेल, ते सोसावे लागेल.

लातूर_सर्व्हिस

स्वतंत्र सिलिंडरच्या सूचनेबद्दल थोडेसे. त्याने टोकाकडचे वजन वाढेल, फिरत्या टप्प्यापर्यंत तेल न्यायला होज रील लागेल आणि व्हॉल्व्हचा प्रश्न एकाऐवजी दोन ठिकाणी उभा राहील. रोप ठेवा, मात्र दोन्ही रोपांचा ताण बाहेरून जुळवता यावा, अशी सोय अवश्य करा. सध्याचा सिलिंडर उलटा बसवला आहे का, तेही पाहा: रॉड मुळाच्या टप्प्याला आणि नळी मधल्या टप्प्याला जोडून तेल पोकळ रॉडमधून नेले, तर लवचीक होज लागत नाहीत आणि नळीला बूमच्या आतून आधार देता आल्याने रॉड वाकण्याचा धोकाही घटतो. आधी रोपचा ढिलेपणा काढा आणि सिलिंडरच्या दोन्ही पोर्टवर (तेलाच्या तोंडांवर) दाबाचे गेज लावून ४० अंशांवरची चाचणी पुन्हा घ्या. व्हॉल्व्ह आणि होज त्यानंतर बदला, म्हणजे कोणत्या बदलाने काय सुधारले ते कळेल.