मुंबईला दोन विमानतळ : सोलापूरकराचा फायदा की फरफट? (सोलापूरकरांचा ऑनलाइन धागा, लिहिणारे टोपणनावांनी)

सात रस्ता
काल एक पोस्ट गावभर फिरली. म्हणणं असं : 'एका शहराला एक विमानतळ पुरतो. सहार असताना नवी मुंबई कशाला? एकाच कंपनीनं दोन्हीकडून विमानं उडवणं ही प्रवाशाची फसवणूक आहे. उद्या सोलापूरचं विमान पनवेलला नेऊन टाकतील, मग बसा बोंबलत.' खाली ढिगानं अंगठे. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कंपनी हौसेनं दोन विमानतळ धरत नाही. काउंटर दोन, सामान उतरवणारी माणसं दोन ठिकाणी, इंजिनिअर दोन ठिकाणी. खर्च वाढतो. तरी धरते, कारण पहिल्या ठिकाणी जागा उरलेली नसते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच चालते. तासाला 45च्या आसपास विमानं चढतात-उतरतात, त्यापुढं नाही. ते स्लॉट, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, जुन्या कंपन्यांनी धरून ठेवलेत आणि कोणी सोडत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तर नियमच आहे, मिळालेल्या स्लॉटपैकी 80 टक्के वापरले की पुढच्या हंगामात ते तुमचेच. मग नव्यानं येणाऱ्यानं शिरायचं कुठून?

दुसरं कारण प्रवाशाचं. ब्रिटिश एअरवेज लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि लंडन सिटी अशा तिन्हीकडून उडते. सिटीची धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटर, तिथं मोठं विमान उतरतच नाही. पण बँकांची ऑफिसं तिथून जवळ, म्हणून लहान एम्ब्रेअर विमानं लावतात आणि भाडं मिळवतात. गॅटविकला सुट्टीवर निघालेली कुटुंबं जास्त. शहर एक, गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. यात फसवणूक कुठं आली?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
ती पोस्ट माझी नव्हे, पण अंगठा माझाही आहे. तुम्ही कंपनीचं गणित सांगितलंत, आता धंदेवाल्याचं ऐका.

माझा माल परदेशात जातो. तिकडचा गिऱ्हाईक मुंबईत उतरतो सहारला. 15 ऑक्टोबर 2025 ला सोलापूर-मुंबई विमान सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता हा माणूस पुण्याहून गाडीत हाडं खिळखिळी करून न घेता कारखान्यावर येईल. ते विमान नवी मुंबईला हललं तर त्यानं सहारला बॅग घ्यायची, टॅक्सी धरायची, चेंबूर-वाशीच्या गर्दीतून उलव्याच्या नव्या विमानतळावर जायचं आणि पुन्हा सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहायचं. तो येणारच नाही. 'सॅम्पल कुरिअर करा' म्हणेल.

पुतण्याला एका एजंटानं लंडनची अशीच दोन वेगळी तिकिटं काढून दिली होती. उतरायचं गॅटविकला, पुढचं विमान हीथ्रोहून. पोरगं बॅग ओढत बसमध्ये आणि विमान वर. दुसरं तिकीट पूर्ण पैसे भरून काढलं. एजंट म्हणाला, 'लंडनच आहे की दोन्ही.'

आणि कॅनडातल्या माँट्रियलचं काय? 1975 ला मिराबेल विमानतळ बांधलं, आंतरराष्ट्रीय तिकडं आणि देशांतर्गत जुन्या डोर्व्हालला. जोडविमानाचा प्रवासी सरळ टोरांटोहून जायला लागला. 2004 ला मिराबेलचं प्रवासी विमान बंद. टोकियोनं 1978 ला जवळजवळ सगळी परदेशी विमानं नव्या नारिताला धाडली, 2010 ला जुन्या हानेदाला नवं आंतरराष्ट्रीय टर्मिनल काढावं लागलं. मोठमोठ्यांना हे जमलं नाही.

विजापूर रोड
सगळे काय टॉवेल विकायला जातात का मुंबईला? माझी बहीण कामोठ्याला राहते. आपल्याकडची कितीतरी माणसं कळंबोली, खारघर, कामोठे भागात आहेत. रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलेली निम्मी गाडी पहाटे कळंबोलीलाच उतरते. आईला टाटाच्या खारघरच्या सेंटरला न्यायचं असायचं, तेव्हा विमान सहारला उतरून काय उपयोग होता? आमच्यासाठी उलवेच बरं.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
आईचं ऐकून वाईट वाटलं. पण कामोठ्याला जायला सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, वंदे भारत आहे, कल्याणला उतरा. विमानाची गरज पुढं जाणाऱ्याला जास्त.

विजापूर रोड
म्हणजे विमान व्यापाऱ्यांचं आणि रेल्वे आमची? असं बोलू नका राव. राज्य सरकार त्या विमानाच्या सीटमागं पैसे भरतंय, ते माझ्याही करातले आहेत.

बोरामणीकर
तुम्ही मुंबईच्या दोन विमानतळांवर भांडा. आपल्या सोलापूरच्या दुसऱ्या विमानतळाचं कोण बोलणार? बोरामणीला जमिनी घेऊन किती वर्षं झाली? आमचं शेत गेलं त्यात. विहीर होती, बांधाला चिंचेची दोन झाडं होती. 'इथं मोठी विमानं उतरतील, पोरांना नोकऱ्या लागतील' असं तोंडावर सांगितलं होतं. आज तिथं कुसळं आहेत. आधी वनजमिनीची अडचण, मग माळढोक पक्ष्याची, आणि आता म्हणतात होटगी रोडचा विमानतळ सुरू झाला, बोरामणीची घाई काय.

कुमठ्याचा ऊसवाला
आणि होटगी रोड सुरू कसं झालं तेही सांगा. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी स्फोटकं लावून पाडली, तेव्हा मी पोलिसांच्या कठड्यामागं उभा होतो. धुरळा बसेपर्यंत आजूबाजूची म्हातारी माणसं रडत होती. आमचा ऊस त्या कारखान्याला जातो. बोरामणी वेळेत झालं असतं तर चिमणीला हात लावायची वेळ आली नसती.

विजापूर रोड
चिमणी उड्डाणाच्या मार्गात होती. एका चिमणीपायी सगळ्या शहरानं किती वर्षं थांबायचं होतं? किंगफिशरचं विमान आलं आणि गेलं, त्यानंतर पोरं नोकरीला पुण्याला गेली ती परत आली नाहीत.

कुमठ्याचा ऊसवाला
पोरं विमान नव्हतं म्हणून गेली? काम नव्हतं म्हणून गेली. को-जनरेशन, म्हणजे कारखान्यातली वीजनिर्मिती, बंद पडल्यावर ज्यांचं काम गेलं त्यांच्या घरी जाऊन हे बोलून दाखवा. तुमच्या घरावरनं विमान गेलं की व्हिडिओ काढता, आमच्या बिलाचं काय?

विजापूर रोड
आवाज चढवू नका. उसाची बिलं विमानतळाच्या आधीपासून थकतायत, जिल्हाभर.

सात रस्ता
दोघंही थांबा. बोरामणीचा मुद्दा या धाग्यातलाच आहे. बंगळुरूत 2008 ला नवा विमानतळ झाला आणि जुना एचएएल प्रवासी विमानांना बंद केला, कारण करारातच होतं, 25 वर्षं 150 किलोमीटरच्या आत दुसरा नको. हैदराबादला बेगमपेटचंही त्याच वर्षी तसंच. गोव्यात मात्र मोपा आलं तरी दाबोळी चालू राहिलं आणि इंडिगो दोन्हीकडून उडते. आपलं 9 जून 2025 ला सुरू झालेलं गोव्याचं विमान मोपालाच जातं. कोलव्याला जाणारा कुरकुरतो, पेडणे-म्हापशाला जाणारा खूश. पण दोन विमानतळ चालवायला तेवढे प्रवासी लागतात. सोलापूरला आज एटीआर आणि एम्ब्रेअर ही लहान विमानं भरताना मारामार. इथं दोन चालणार नाहीत. बोरामणी झालं तर होटगी रोड बंद करावं लागेल, हे स्पष्ट बोला.

बोरामणीकर
करा की बंद. शहराला लागून कशाला पाहिजे? पण मग चिमणी पाडली कशाला, हे त्यांना उत्तर द्या.

कुमठ्याचा ऊसवाला
हेच म्हणतोय मी सकाळपासून.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
मूळ मुद्द्यावर येतो. सात रस्ता, सहारला जागा नाही हे तुमचं खरं, मान्य करावंच लागेल. छेदणाऱ्या धावपट्ट्यांचं मी धरलं नव्हतं. पण जागा कमी पडली की पहिला बळी लहान गावाचा जातो. 76 सीटच्या विमानाचा स्लॉट काढून मोठ्या विमानाला दिला की त्याच वेळेत दुपटीहून जास्त माणसं उतरतात. कंपनी तेच करणार. म्हणून माझी मागणी एवढीच : नवी मुंबईहून परदेशी विमानं भरपूर सुटेपर्यंत सोलापूरचं विमान सहारहून हलवू नये. त्यानंतर खुशाल न्या, मी स्वतः तिकडं उतरेन.

विजापूर रोड
आणि तोवर कामोठेवाल्यांनी काय करायचं?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
दुसरं विमान मागा, उलव्याला जाणारं. त्या निवेदनावर माझी सही घ्या.

सात रस्ता
हे पटलं. पालकमंत्र्यांना द्यायचं निवेदन मी लिहितो, दोन्ही मागण्या घालतो. बोरामणीकर, तुमच्या जमिनीचा सातबारा आणि मोबदल्याचे कागद असतील तर पाठवा. तो तिसरा मुद्दा होईल, खाली नाही, सगळ्यात वर.