'मार्केटिंग' म्हणजे नेमकं काय? विक्री, जाहिरात की विपणन?

आमच्या वाडीतला एक मुलगा रत्नागिरीत कामाला लागला, काय करतो म्हणून विचारलं तर त्याची आई म्हणाली "मार्केटिंगला आहे", म्हणजे दिवसभर गाडीवरनं दुकानं फिरून ऑर्डरी घेतो. बचत गटाच्या बायका म्हणतात मार्केटिंगचं काहीतरी बघा, तिथे अर्थ असतो आमची कोकमं खपवून द्या. आणि एखादा फार मिरवायला लागला की 'स्वतःचं मार्केटिंग करतोय'. एकच शब्द पण विक्री, खप, बढाई सगळं त्यात, आणि मला वाटतं मूळ अर्थ यातल्या कशातच पूर्ण येत नाही.

अमेरिकेत १९३५ साली जी व्याख्या झाली ती साधारण अशी, की माल आणि सेवा बनवणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे नेणारे व्यवहार म्हणजे मार्केटिंग. म्हणजे माल आधी तयार, मग त्याला वाट करून द्यायची. पण अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनची २००७ ची व्याख्या सुरूच होते घडवण्यापासून, ग्राहकाला आणि समाजाला ज्याचं मोल वाटेल असं काही घडवणं, ते त्यांना कळवणं, पोचवणं आणि त्याची देवघेव करणं. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० मध्ये मांडलेले चार 'पी' कॉमर्सवाल्यांना पाठ असतील, वस्तू (प्रॉडक्ट), किंमत (प्राइस), जागा (प्लेस), प्रसिद्धी (प्रमोशन). जाहिरात येते ती चौथ्यात, आणि आपण तेवढ्यालाच मार्केटिंग म्हणून मोकळे होतो.

आमच्या घरचंच सांगतो. वडील वर्षानुवर्षं आंबा पेटीत पेंढा घालून भरायचे आणि मुंबईला दलालाकडे पाठवायचे, आठ-दहा दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची, खर्च वजा जाता जे उरलं ते आपलं. आंबा कुणी खाल्ला, त्याला आवडला का, पेटी मोठी होत होती का, काही म्हणजे काही कळायचं नाही. ही विक्री झाली. आता बहीण तोच आंबा दोन डझनाच्या खोक्यात भरते कारण फ्लॅटमधली चार माणसं पाच डझन एकदम संपवू शकत नाहीत, आणि कुठलं फळ कधी पिकेल त्याप्रमाणे थर लावून वर चिठ्ठी ठेवते. जाहिरातीवर एक रुपया नाही खर्च केला तिने! हे मार्केटिंग. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, नाव राखणं हाही त्यातलाच भाग, नाहीतर बाहेरचा आंबा आपल्या नावावर विकला जातो.

मग याला मराठी शब्द कुठला धरायचा? विपणन कोकणात कुणाच्या तोंडी ऐकलाय का?

प्रतिसाद

विपणन पुस्तकात आहे पण 'पणन' शेतकऱ्याला चांगला माहितीये, कृषी पणन मंडळ १९८४ पासून आहे की. दोन्हींचं मूळ संस्कृत 'पण्' धातू, सौदा करणे, पैज लावणे. पण्य म्हणजे विकायचा माल, विपणि म्हणजे बाजार. संस्कृतात विपणन म्हणजे सरळ विक्रीच, त्यामुळे तुम्ही म्हणताय तो फरक त्या शब्दातून आपोआप येत नाही, तो आपण वापरून भरलाय. तरी सौदा म्हटलं की समोर दुसरा माणूस आलाच, म्हणून मला पणन आवडतो, उच्चारालाही सोपा. जाहिरातीला मात्र जाहिरातच म्हणा, चांगला रुळलेला शब्द आहे.

मूळ लेखक

पणनचं पटलं, पण ऑफिसातनं बाहेर पडला नाही तो शब्द. बोलण्यात मला जवळचा वाटतो तो 'गिऱ्हाईक बांधणं'. मालवणच्या बाजारात आमची एक ठरलेली मासेवाली आहे, गेल्या महिन्यात मी सुरमईला हात लावला तर म्हणाली, "ती घेव नको रे, कालची हा, बांगडे घे." सुरमईचे पैसे बांगड्यापेक्षा किती जास्त आले असते तिला, तरी स्वतःहून नको म्हणाली, आणि बांगडे साफ करून देताना आईला काटे त्रास देतात हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी मोरी, म्हणजे बारीक काटे नसलेला मासा, ठेवते म्हणाली. मी तेव्हापासून दुसऱ्या पाटीकडे बघितलेलं नाही. 'खपवणं' मध्ये फक्त माल दिसतो, 'गिऱ्हाईक बांधणं' मध्ये माणूस दिसतो, म्हणून व्याख्या शिकवताना मी तरी आधी हाच शब्द फळ्यावर लिहीन आणि विपणन त्याच्या खाली.