फ्रेडी मर्क्युरीला भारताची लाज वाटत होती, हे कुणी ठरवलं?

घाटवाट
आमच्या एका ग्रुपवर काल एक पोस्ट आली. तिचा सार असा: पाचगणीत शिकलेला फारूख बलसारा गोऱ्यांत जाऊन ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. नाव टाकलं, देश टाकला, पत्रकारांसमोर भारताचा विषय टाळला. ज्याला आपली लाज वाटली त्याचा अभिमान आपण का बाळगायचा? खाली अंगठ्यांची रांग. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हे तुला कुणी सांगितलं? तिथे उत्तर दिलं तर ‘शांतता राखा’ म्हणून अॅडमिननं उडवलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी नाव. ‘फ्रेडी’ लंडनने दिलेलं नाही, पाचगणीने दिलंय. तिथल्या सेंट पीटर्स शाळेतल्या पोरांनी फारूखचा फ्रेडी केला आणि पुढे घरातही तेच चाललं. ‘मर्क्युरी’ नंतरचं, १९७० च्या सुमाराचं, क्वीन उभी राहत होती तेव्हाचं. रंगमंचासाठी नाव घेणं म्हणजे लाज असेल, तर युसुफ खानचे दिलीपकुमार झाले तेव्हा ते कुणाला लाजले होते?

मग देश. जन्म आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचा, ५ सप्टेंबर १९४६. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या कोर्टात कॅशियर. घर गुजराती बोलणारं, पारशी. आठव्या वर्षी पोराला बोटीने इकडे धाडलं आणि १९६३ मध्ये तो परत गेला. पुढच्याच जानेवारीत झांझिबारात क्रांती झाली, अरब आणि भारतीय कापले गेले, बलसारा कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला फेल्टमला आलं. पोरगा सतरा वर्षांचा. यात त्याने टाकलेला देश कुठला? त्याला तर एक देश सोडून पळावं लागलं.

राहिल्या मुलाखती. तो कशाबद्दल मोकळेपणी बोलला? ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या आपल्या गाण्याचा अर्थ जन्मभर सांगितला नाही. आईवडील, प्रेम, आजार, सगळ्याला कुलूप. त्यातलं एकच कुलूप उचलून त्याला ‘भारताची लाज’ असं नाव द्यायचं, हा अन्याय आहे. आणि जाताना त्याचे अंत्यसंस्कार लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केले. लाजलेल्या माणसाच्या घरी हे घडत नाही.

माधव_लेस्टर
पोस्टची भाषा वाईट आहे. पण तुमचं वकीलपत्र मला मान्य नाही.

माझे काका १९६८ मध्ये इथे इंग्लंडात लेस्टरला आले. त्याच एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदाराचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं ते विषारी भाषण झालं होतं. होजिअरीच्या कारखान्यात फोरमन त्यांना ‘जॉर्ज’ म्हणायचा, कारण आमचं नाव त्याच्या जिभेला जड जायचं. काका ‘जॉर्ज’ला ओ देत नसत. त्याबद्दल कायम रात्रपाळी. बरोबरीचे जॉर्ज आणि टोनी झाले, दिवसपाळीत गेले. काकांच्या पोरींना शाळेतून येताना काय ऐकायला लागायचं ते मी इथे लिहिणार नाही.

त्या काळात या देशातल्या सगळ्यात मोठ्या मंचावर एक आपल्यातला माणूस उभा होता आणि आमच्या पोरींना ते ठाऊकच नव्हतं! पेपरवाले त्याला ‘पर्शियन’ लिहायचे, त्याने ते चालू दिलं. एक वाक्य बोलला असता, पुरे होतं. तुम्ही म्हणता तो कशाबद्दलच बोलत नव्हता. पण गप्प राहणं काकांना परवडत नव्हतं, कारण त्यांचा रंग त्यांच्या वतीने बोलत होता.

घाटवाट
@माधव_लेस्टर, काकांना मनापासून नमस्कार. पण काकांच्या धैर्याचं बिल फ्रेडीच्या नावावर का? तो गायक होता, समाजाने निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता. १९७३ मध्ये क्वीनचा पहिला अल्बम आला तेव्हा त्या देशात गोऱ्या रॉक बँडपुढे उभा असलेला दुसरा आशियाई गायक दाखवा.

माधव_लेस्टर
नव्हता, म्हणूनच तर म्हणतोय. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

निळी_शाई
पाचगणी आणि पर्शियन सोडा. मोठी गोष्ट सगळेच गिळून बसलात. ऑक्टोबर १९८४, सन सिटी. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना क्वीनने दक्षिण आफ्रिकेत जाऊन कार्यक्रम केले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड ठोकला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. आपण १९४६ मध्येच त्या राजवटीशी व्यापार तोडला होता. माझ्या वडिलांच्या पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा शिक्का होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेला हिंदी वंशाचा माणूस वर्णद्वेषी राजवटीच्या कॅसिनोत गातो, यावर बोला. नाव बदललं की नाही हा पोरखेळ आहे.

घाटवाट
चौघांचा निर्णय होता. तिथल्या बहिऱ्या आणि अंध मुलांच्या शाळेला त्यांनी मदतही केली.

निळी_शाई
देणगीची पावती दाखवून बहिष्कार मोडता येत नाही.

थेटबोलतो
जपानला गेला, १९८१ मध्ये ब्राझील-अर्जेंटिना केलं, १९८६ मध्ये पोलादी पडद्याआड बुडापेस्टलाही गेला. मुंबईला एकदाही नाही. याला काय म्हणायचं? आजारसुद्धा मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत लपवला. लपवणं हा त्याचा स्वभावच होता.

जुनी_कॅसेट
मुंबईला आणणार कोण होतं त्या काळात? परकीय चलन कोण देणार होतं? त्यांचे दिवे आणि ध्वनियंत्रणा हलवायला ट्रकांचा ताफा लागायचा. ‘द पोलीस’ हा इंग्लिश बँड १९८० मध्ये मुंबईत रंगभवनला वाजवून गेला, पण ती तीन माणसं, सामान थोडं. आम्ही ऱ्हिदम हाऊसमध्ये क्वीनची एक कॅसेट परवडायची म्हणून तिघांत घ्यायचो. बोलावलं कुणीच नाही, आणि आला नाही म्हणून रुसायचं!

डॉ_कृष्णाकाठ
@थेटबोलतो, आजाराबद्दल जरा सांभाळून लिहा.

नव्वदच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका रुग्णालयात नोकरीला होतो. एचआयव्हीचे रुग्ण खोटं नाव सांगायचे, गाव खोटं सांगायचे. कारण कळलं की घराची दारं बंद व्हायची, सोयरीक मोडायची, मयताला चार माणसं मिळायची नाहीत. एका बाईने नवऱ्याचा कागद माझ्यासमोर गिळला होता, सासऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. लपवणं हा स्वभाव नसतो. समोरचे लोक कसे आहेत यावर ते ठरतं.

इंग्लंडही तेव्हा काही वेगळं नव्हतं. फ्रेडीचं निदान १९८७ चं. १९८८ मध्ये तिथे कायदा झाला की स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करता कामा नये. शेवटी शेवटी फोटोग्राफर त्याच्या घराच्या भिंतीबाहेर मुक्काम ठोकून होते. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने जाहीर केलं, २४ ला गेला. पंचेचाळिशीत. त्याच्यावरच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमात लाइव्ह एड या मोठ्या मदत-कार्यक्रमाच्या आधीच त्याला आजार कळल्याचं दाखवलंय ते साफ चूक आहे. लाइव्ह एड १९८५ मधलं. त्या खोट्या घटनाक्रमावर रडून झालं की लोक इथे येऊन निवाडे देतात.

थेटबोलतो
आजाराचा मुद्दा मागे घेतो. मुंबईचा नाही.

पसरणी
मी वाईची. माझे वडील पाचगणीतल्या एका बोर्डिंगच्या भटारखान्यात होते. शाळेचं नाव लिहिणार नाही.

तो आपल्याला लाजला का यावर तुम्ही सगळे भांडताय. आठ वर्षांच्या लेकराला आईबापांनी समुद्रापलीकडे ठेवलं, त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही? बाबा सांगायचे, टर्म सुरू झाली की पहिले काही दिवस लहान पोरं भटारखान्याच्या मागच्या दारी येऊन बसायची. तिथे ऊब असायची आणि कुणी इंग्रजीत ओरडायचं नाही. बाबा त्यांना तव्यावरची भाकरी द्यायचे. एकदा वॉर्डनने पाहिलं आणि बाबांचा पगार कापला. ज्या पोराला ऐन लहानपणी दर टर्मला घर सोडावं लागतं, ते मोठेपणी ‘मी अमुक गावचा’ असं सहज कसं सांगेल? त्याला सांगायला गाव ठेवलं होतं का कुणी?

बोर्डिंगवाला
ताई, भावना समजतात, पण हे फार एकतर्फी आहे. मी सातव्या वर्षापासून बोर्डिंगला होतो आणि ती माझी सगळ्यात चांगली वर्षं. फ्रेडीला पियानो कुठे मिळाला? पाचगणीत. मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहून जादा फी मागवली म्हणून तो रीतसर शिकला. ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड कुठे? त्याच शाळेत, १९५८ मध्ये, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवत. मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, नाटक, सगळं तिथलं. झांझिबारात आईच्या पदराखाली राहिला असता तर कोर्टात कारकून झाला असता. पाचगणी नसती तर क्वीन नसती.

पसरणी
पियानो शिकवायला पोराला आईपासून तोडावं लागत नाही. पोरकेपणातून कलावंत होत असते तर आमच्या गावाकडचे ऊसतोड कामगारांचे सगळे मुलगे आज लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गायले असते.

बोर्डिंगवाला
तुलना चुकीची. आणि स्पष्ट बोलू का, वडील तिथे नोकर होते म्हणून तुम्हाला त्या शाळांचा राग आहे. आत काय असतं ते भटारखान्यातून दिसत नाही.

जुनी_कॅसेट
हे वाक्य मागे घ्या.

डॉ_कृष्णाकाठ
मागे घ्याच. भटारखान्यातूनच सगळ्यात नीट दिसतं. कोण जेवलं नाही हे तिथल्या माणसालाच कळतं.

पसरणी
त्यांना लिहू द्या. माझ्या वडिलांनी त्या नोकरीवर दोन मुलींना पदवीपर्यंत शिकवलं, मला त्यात कमीपणा नाही. मी रागावले आहे ते दुसऱ्याच कारणाने. या शाळांच्या जाहिरातीत ‘फ्रेडी मर्क्युरी इथल्या डोंगरात घडला’ असं येतं. तो घडला हे त्याचं कर्तृत्व. त्याच वर्गातले जे मोडले त्यांचे फोटो कुणी लावतं का?

बोर्डिंगवाला
नोकर हा शब्द वापरायला नको होता, तेवढा परत घेतो. मताला चिकटून आहे. माझे सगळे वर्गमित्र आज उत्तम चाललेत.

नाशिकची_आई
मुलगा नऊ वर्षांचा आहे. आमची दोघांची नोकरी फिरतीची, म्हणून पाचगणीचा विचार चालू होता. आता हे वाचून झोप उडालीय. कुणी खरं सांगेल का, एवढ्या लहान वयात पाठवावं की नाही?

तीनताल
धागा कुठून कुठे गेला! एका रचनाकाराबद्दल इतकं लिहिलंत आणि त्याच्या एकाही गाण्यात कुणी शिरलं नाही. पासपोर्ट झाला, शाळा झाली, आजार झाला, आता प्रवेश अर्जही झाला.

मी हार्मोनियम शिकवते. फ्रेडी म्हटलं की लोकांना मिशी आणि पिवळं जॅकेट आठवतं. १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या. सतरा गाणी, त्यातली दहा त्याने लिहिलेली. बाकीचे तिघेही पट्टीचे लिहिणारे असताना! ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ च्या ३१ ऑक्टोबरला आलं. जवळजवळ सहा मिनिटं, ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा. रेडिओवर लावणार नाहीत म्हणाले, आणि ते नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं राहिलं. त्यातला आणि ‘समबडी टू लव्ह’मधला समूह ऐकताना गायनवृंद वाटतो. प्रत्यक्षात फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचेच आवाज टेपवर एकावर एक चढवलेत. आणि नेमका उलटा प्रकार ‘क्रेझी लिटल थिंग’. म्युनिकच्या हॉटेलात अंघोळ करताना सुचलेलं, जेमतेम येणाऱ्या गिटारवर बांधलेलं, मोजके कॉर्ड. जो माणूस सगळं करू शकतो तो कमी कुठे करायचं हे जाणतो, हे मी मुलांना या गाण्यावरून दाखवते.

‘लताबाईंचा प्रभाव’ म्हणून फिरवलं जातं, ते मला त्याच्या सुरात कुठेही सापडलेलं नाही. लहानपणी ऐकलं असेल. तेवढ्यावरून आपला शिक्का मारू नका. त्याचे गुरू ॲरेथा फ्रँकलिन, लिटल रिचर्ड आणि ऑपेरा. आपला असो, परका असो, त्याचं काम ऐकायला पुरावा लागत नाही.

माधव_लेस्टर
तीनताल, ऐकतोच. ‘समबडी टू लव्ह’ आमच्या घरी काकाच लावायचे. कोण गातोय ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. ‘फ्रेडी’ पाचगणीचं नाव, हा मुद्दा घाटवाट यांना दिला. लाज हा शब्दही सोडतो. पण त्याचं गप्प राहणं आम्हाला महाग पडलं, हे मी कमी करणार नाही.

घाटवाट
लाज शब्द सोडलात, मला तेवढंच हवं होतं. @निळी_शाई, सन सिटीचं समर्थन करता येत नाही. शाळेच्या देणगीचा आडोसा मी यापुढे घेणार नाही. पण तो आरोप चौघांवर लावा आणि बहिष्कार मोडल्याचा म्हणूनच लावा. त्यावर ‘भारताला लाजला’ हे लेबल डकवू नका.

निळी_शाई
चौघांवरच लावतोय. फक्त त्यातल्या एकाला जास्त कळायला हवं होतं.

पसरणी
@नाशिकची_आई, माझं मत विचाराल तर नऊ हे वय नाही. आजी किंवा मावशी कुणी जवळ राहायला येईल का, ते आधी बघा. पाठवायचंच ठरलं तर शाळा बघायला टर्म चालू असताना जा, सुट्टीत नको. जेवणाच्या वेळेला जा आणि मेसमध्ये काम करणाऱ्या बायकांशी मराठीत बोला. ऑफिसात सांगणार नाहीत ते त्या सांगतील.